आत्याच्या प्रार्थनेत गुरुजींचं नाव पहिलं

माझ्या रिबका आत्यावर अन्याय झाला तो गेल्या वर्षीच्या पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, आमच्या गावच्या चर्चमध्ये, पहिलं गीत संपून दुसरं सुरू व्हायच्या आत. अन्याय केला मंडळीचे सेक्रेटरी शमुवेल गुरुजी यांनी. पाहणारे आम्ही सगळे होतो. कोणावर, कधी, कोणी, हे मी आधीच लिहून टाकते. नागापूरच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं लिहून हाताला तशी सवय लागलीय. लिंबाचा मोहर, ऊन, आठवणी वगैरे खाली येतीलच. पण ललित लिहायचं म्हणून कोणी केलं ते झाकायचं, हे मला जमणार नाही.

आता पुन्हा उपवासकाळ आलाय. ईस्टरच्या आधीचे हे आठवडे आमच्या मिरजगावच्या बाजूला ज्वारीच्या काढणीला धरून येतात. एसटीतून उतरलं की आधी कडब्याचा वास येतो, मग धूळ, मग चर्चच्या कुंपणाजवळच्या लिंबाचा तो गोडसर कडू वास. लहानपणापासून माझ्या नाकात पश्चात्तापाचा वास हाच आहे. पाळक व्यासपीठावरून पापाबद्दल बोलायचे, खिडकीतून मोहर आत गळायचा, आणि माझ्या पुढच्या बाकावरच्या बायका पदराच्या टोकानं डोळे टिपायच्या. मी डोळे चोळून लाल करायचे. पाणी कधी आलं नाही. शेजारी माझ्याच वर्गातल्या मुली हुंदके देत असायच्या, आणि मला त्यांचा राग यायचा. ह्यांना रडायला एवढं काय मिळालं, आणि मलाच का नाही, असा. चांगल्या वहीसाठी, नव्या चपलांसाठी पोरी जळतात. मी दुसऱ्यांच्या पश्चात्तापावर जळायचे.

आमच्या मंडळीत दोन मंडळ्या आहेत. हे कुठल्याही अहवालात नसतं. एक मंडळी शिक्षकांची, नर्सबाईंची, बँकेत शिपाई का होईना पण नोकरीला असलेल्यांची. त्यांची घरं चर्चच्या लगत, स्लॅबची. दुसरी मंडळी ओढ्याच्या कडेला, पत्र्याची, आणि दिवाळी झाली की तिच्या दारांना कुलपं लागतात. ती माणसं ऊस तोडायला जातात. नाताळ ते उसाच्या फडात करतात, पाचटाच्या कोपीला कागदाची चांदणी बांधून. मग कारखान्याचा पट्टा पडतो, तोड बंद होते आणि ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांवर गोधड्या, भांडी, शेळ्या आणि डालग्यातल्या कोंबड्या घालून ही मंडळी गावात येते. कधी ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारच्या आधी, कधी नंतर. माझे वडील शिकले, पोस्टात लागले, आणि आम्ही पहिल्या मंडळीत आलो. त्यांची बहीण, माझी आत्या, दुसरीत राहिली. एकाच आईची दोन लेकरं आणि मध्ये एक ओढा.

पवित्र गुरुवारी आमच्याकडे पाय धुण्याचा विधी असतो. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. व्यासपीठासमोर बारा खुर्च्या मांडतात, बारा माणसं बसतात आणि पाळक कमरेला पंचा बांधून, गुडघ्यावर येऊन एकेकाचे पाय धुतात. विधी नम्रतेचा. आणि त्या बारा खुर्च्यांसाठी आमच्या गावात जेवढी भांडणं झालीत तेवढी ग्रामपंचायतीच्या खुर्च्यांसाठी झाली नसतील. कोणाच्या घराला किती वर्षं खुर्ची मिळाली, ह्याचे हिशेब बायकांना तोंडपाठ. "आमच्या ह्यांचे पाय तीनदा धुतलेत," असं माझ्या आईला ऐकवून गेलेली शेजारीण मला आठवते, आणि त्या दिवशी आईनं भाकरी कशी थापली तेही आठवतं. तव्याला दया यावी इतक्या जोरात.

ज्यांना खुर्ची मिळते ते त्या दुपारी काय करतात, सांगू? पाय धुतात. चर्चलगतच्या सगळ्या अंगणांत साबणाचा वास सुटतो. दगडावर बसून पुरुष वज्रीनं टाचा घासतात, बायको नखं काढून देते, खोबरेल तेल चोळतात आणि वर धुतलेले मोजे. संध्याकाळी पाळकांच्या हातात येतात ते पाय आधीच कोणत्याही पाण्याची गरज नसलेले. ह्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पाळकांना घाणेरडे पाय कसे द्यायचे, असं सगळे अगदी मनापासून म्हणतात. मीही कॉलेजात जाईपर्यंत म्हणायचे.

बारावी खुर्ची मात्र कोणाला नको असते. ती दाराच्या बाजूची, शेवटची. पोरांनी तिला यहूदाची खुर्ची असं नाव ठेवलंय, कारण बारा शिष्य म्हटल्यावर प्रभूला धरून देणारा एक तो आलाच. दर वर्षी ती एखाद्या नवख्या जावयाच्या गळ्यात घालतात. गेल्या वर्षी नवे पाळक आले. तरुण माणूस, श्रीरामपूरकडचा. ते म्हणाले, ह्या वेळी एक खुर्ची ओढ्याकडच्या घरांना द्या. पंच कमिटीत बरीच चर्चा झाली आणि एक खुर्ची द्यायची ठरली. कोणती, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

मी आत्याला फोन केला. ती तेव्हा बेलापूरच्या पुढं कुठल्याशा फडात होती. मी चिडूनच सांगितलं, की बघ, देऊन देऊन कोणती खुर्ची दिली.

"यहूदाची व्हय?" ती म्हणाली. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता. "मंग काय झालं? देवानं त्याचे बी पाय धुतलेच हुते की. चुकवून न्हाई गेला म्होरं."

पाच वर्षांची माझी भाषणं आणि बाई कोयता हातात धरून हे बोलते. तेव्हाच मला पहिल्यांदा आत टोचलं.

त्यानंतर उरलेला हंगामभर ती त्या खुर्चीबद्दल बोलत होती, हे मला नंतर तिच्या टोळीतल्या बायकांनी सांगितलं. मोळी बांधताना, ट्रॅक्टर भरताना. "औंदा माझं पाय धुनार हायेत पाळकसायब." बायका तिला चिडवायच्या, "मंग आमी बी येतो गं, आमचं तोंड धुतील का?" आणि ती हसायची.

गुरुवारी ट्रॅक्टर वाटेत बंद पडला. ती पोचली तेव्हा घंटा झाली होती. घरी न जाता ती थेट चर्चमध्ये आली, हातातली पिशवी दाराशी ठेवली आणि जाऊन शेवटच्या खुर्चीवर बसली. तिचे पाय मी तिसऱ्या बाकावरून पाहिले. टाचांना भेगा, भेगांत काळी माती, उसाच्या चिकटानं धूळ बसून झालेला थर, उजव्या अंगठ्याला चिंधी. अकरा जोड्या पांढऱ्या मोज्यांच्या रांगेत शेवटी हे. मला त्या पायांचा इतका अभिमान वाटला, की मी आजूबाजूला पाहिलं, सगळ्यांना दिसतायत ना म्हणून.

गुरुजी हातात टॉवेलांची चळत घेऊन उभे होते. ते तिच्याजवळ वाकले. आवाज हळू होता, पण पहिलं गीत नुकतंच संपलं होतं आणि सगळीकडे शांतता होती. "रिबकाबाई," ते म्हणाले, "जरा पाय धुवून या."

पाय धुण्यासाठी बसलेल्या बाईला पाय धुवून या म्हणाले. मी हे वाक्य नंतर पत्रकात ठळक अक्षरांत छापलं.

मी उठले. "गुरुजी, विधी कशाचा आहे?" असं मोठ्यानं विचारलं. आईनं माझी ओढणी खाली ओढली. पण मला थांबवलं ते आत्यानं, नुसत्या हातानं, बस म्हणून. ती उठली, बाहेरच्या नळावर गेली. दुसरं गीत सुरू झालं. नळाला पाण्याची बारीक धार असते आमच्याकडे ह्या दिवसांत, त्यात तो थर काय निघणार. इकडे पाळक एकेक खुर्ची करत पुढं सरकत होते. ते अकराव्या खुर्चीपाशी आले, बारावी रिकामी. गुरुजींनी दाराकडे पाहिलं, टॉवेल दुसऱ्याच्या हातात दिले, आणि स्वतः बसले. चप्पल काढली, मोजे काढले. त्यांचे पाय धुतले गेले. आत्या परत आली तेव्हा पाळक उठत होते. ती दारातच उभी राहिली. शहाबादी फरशीवर तिच्या ओल्या पावलांचे दोन-तीन ठसे उमटले होते आणि उन्हाळ्याची हवा, ते लगेच वाळले.

त्यानंतर प्रभूभोजन झालं, प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात ते. सगळे रांगेनं पुढं गेले. आत्या गेली नाही.

आता इथपर्यंतची गोष्ट मला येते. अशा गोष्टी सांगण्यात माझा हात बसलाय. पुढची मला येत नाही, म्हणून हा लेख.

दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. तीन तासांची उपासना, प्रभूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं, त्यातलं एक गुरुजींचं, क्षमेवर. मी मनात उत्तरं जुळवत बसले होते. शेवटी पाळकांनी विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे का. आत्या उभी राहिली. मला वाटलं, आता बोलेल. मी तर बाक घट्ट धरला.

"मला लई गर्व झाला हुता," ती म्हणाली. "समद्या फडात सांगत सुटले हुते, माझं पाय धुनार हायेत म्हनून. बायांला जळवायला सांगत हुते. देवाला ते दिसलं." आणि ती रडली. पदर तोंडाला लावून नाही, उघड, नाक लाल होईपर्यंत, खांदे हलेपर्यंत. ज्यांनी तिला उठवलं ते सगळे शांतपणे ऐकत होते, काही तर "आमेन" म्हणाले. त्यांना किती बरं वाटलं असेल.

मला राग आला असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरंच होतं. पण रागाच्या खाली दुसरं काही होतं. मला तिचा हेवा वाटत होता. लहानपणी पुढच्या बाकावरच्या बायकांचा वाटायचा तसाच, त्याहून वाईट. मी एवढी वर्षं पापावर लिहितेय, ठेकेदाराचं पाप, साहेबाचं पाप, पंच कमिटीचं पाप. आणि ह्या बाईकडे स्वतःचं एक पाप होतं, तिला त्याचं नाव माहीत होतं, ते कधी झालं, कोणासमोर झालं, सगळं माहीत होतं. आणि ते सांगून ती अशी रडली, जणू घरातलं माणूस दूरवरून परत आलंय.

पावसाळ्यात मी पत्रक तयार केलं. छापायच्या आधी तिला वाचून दाखवायला गेले. ती दारात शेंगा फोडत बसली होती. मी वाचलं, चांगलं जोरात वाचलं. तिनं पूर्ण ऐकलं.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"ह्यात माझं कुठं हाय?"

"काय?"

"पाप. समदी गुरुजींचीच हायेत की ह्यात."

"आत्या, ज्याच्यावर अन्याय झाला त्याची पापं पत्रकात नसतात लिहायची."

"मंग ते अर्दंच झालं," ती म्हणाली, आणि शेंगा फोडू लागली. मी तरीही छापलं. ते गावात वाटलं गेलं, आणि लोकांनी त्यात शेंगदाणे बांधले, हेही सांगून टाकते.

वाचून दाखवलं त्याच दिवशी मला कळलं की ती अजून प्रभूभोजन घेत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे उठतात, ती बसून राहते. मला वाटलं, हे तिचं बंड आहे. उपोषणासारखं. मी खूश झाले आणि तसं म्हणालेही.

"गप बस," ती म्हणाली. "तसलं काय न्हाई. माझ्या मनातून हसू जाईना, म्हनून."

"हसू?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं. त्या गुरुवारनंतर गावातली पोरं गुरुजींना यहूदा गुरुजी म्हणू लागली होती. ते बाराव्या खुर्चीवर बसले ना, म्हणून. दुकानापाशी, पारापाशी, पाठीमागून. चाळीस वर्षं ज्यांनी शाळेत छडी फिरवली त्यांना सत्तरीत हे नाव पडलं. ते आता पाराकडून जात नाहीत, मागच्या बोळातून जातात.

"म्या पयल्यांदा आयकलं तवा लई हसले," आत्या म्हणाली. "घरात जाऊन, दार लावून हसले. आजून आठवलं की हसू येतं. मंग रडू येतं. पर हसू आदी येतं. असल्या तोंडानं ती भाकर कशी घेऊ?"

आणि मग तिनं सांगितलं, की ती रोज पहाटे गुरुजींसाठी प्रार्थना करते. पहिलं नाव त्यांचं. त्यांना त्या बोळातून जावं लागू नये म्हणून. त्यानंतर पोरं, सुना, टोळीतल्या बाया.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू हायेस की. शेवटी शेवटी. तुला काय धाड भरलीय?"

मी हसले, ती हसली. पण परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकवून मी गुरुजींवर जळत होते. हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये. मी तिच्यासाठी भांडले, पत्रक लिहिलं, घरच्यांशी वाकडी झाले, आणि पहाटे अंधारात तिच्या ओठांवर पहिलं नाव येतं ते तिला उठवणाऱ्या माणसाचं. त्यांनी काय केलं की त्यांना एवढी मोठी जागा मिळाली? त्यांनी तिला दुखावलं. बस एवढंच. मला कोणी सांगा, हा कुठला न्याय आहे. मला तो कुठल्याही कायद्यात, कुठल्याही सभेत सापडलेला नाही, आणि तरी बाई रोज तो अमलात आणते.

गेल्या आठवड्यात मी गुरुजींकडे गेले. दार त्यांनीच उघडलं. आमच्या रीतीनं सलाम झाला. एकटे असतात, बायको वारलीय. टेबलावर ह्या वर्षीच्या बारा नावांचा विचार चाललेला होता.

"निर्मला, मी काय वाईट बोललो होतो?" ते म्हणाले. "पाळकांना त्रास नको म्हणून बोललो. ती येईपर्यंत खुर्ची रिकामी कशी ठेवायची? मला हौस होती का तिथं बसायची?"

"मग तिला एकदा तसं सांगा."

"मी उपवासकाळात रोज पश्चात्तापाची प्रार्थना करतो."

"कशाबद्दल?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "सर्वसाधारण," ते म्हणाले.

मी तो शब्द घेऊन तडक ओढ्याकडे गेले. ह्या वर्षी आत्या लवकर आलीय, पट्टा लवकर पडला. मला वाटलं, आता तरी ती चिडेल. ती खूप हसली. "सर्वसादारन," असं दोन-तीनदा म्हणून पाहिलं. "गरीब बिचारा. त्याला म्हनावं, माज्याकडं ये, माज्यातलं एक देते उसनं." मग हसता हसता थांबली, कपाळावर हात मारून घेतला. "बघ. पुन्यांदा हसले. घासून घासून दमले बाई, एकटीच घासतीया. ह्या ईस्टरला तरी भाकर मिळंल का न्हाई, देवाला ठावं."

तिथं मला दिसलं की तिला कशाची भूक आहे. खुर्चीची नाही. माफीनाम्याचीही नाही, तो माझा आग्रह. ती वर्षभर एकटी आपल्या पापाशी झटतेय, आणि अख्ख्या मंडळीत तिच्याबरोबर झटणारं दुसरं कोणी नाही. आम्ही सगळे सर्वसाधारण आहोत. गुरुजी त्यांच्या पद्धतीनं, मी माझ्या. माझ्या पत्रकात पापांना नावं होती, पण सगळी परक्यांची. माझं कोणतं ते मला आता कळलंय, वर लिहिलंच आहे. ते सुंदर नाही. त्यावर अजून रडू आलेलं नाही. पण निदान त्याला नाव आहे, आणि ते घेऊन मी शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, तिच्या दारात जाऊन बसणार आहे.

तुम्हाला मी आमच्याच चर्चमधले धरते. नसाल तर तुमच्या गावच्या चर्चमधले, देवळातले, मशिदीतले, सोसायटीतले. तुम्ही त्या गुरुवारी बसला होतात. तिला उठवताना पाहिलंत आणि गीताचं पुस्तक उघडलंत. किंवा पोरांनी गुरुजींना पाठीमागून हाक मारली तेव्हा तुम्हीही तिच्यासारखे दार लावून हसलात. दोन्हींपैकी काही नसेल तर तिसरं असेल, ते तुम्हाला माहीत आहे, मला सांगू नका. शनिवारी ओढ्याकडे जा. पत्र्याचं तिसरं घर. काही नेऊ नका, तिची समजूत काढू नका, तिच्या साधेपणाचं कौतुक तर अजिबात करू नका. तिच्यासमोर खाली बसा आणि तुमचं एक पाप सांगा, कोणाशी केलं त्याचं नाव घेऊन. आणि गुरुजींच्या घरावरून जाल तेव्हा बोळातून नका जाऊ, समोरच्या रस्त्यानं जा, आणि त्यांना बरोबर घ्या. ते नाही म्हणतील. पुन्हा विचारा.

माझ्या आधी पोचलात तर मला हेवा वाटेल. वाटू दे. तुम्ही जा.